मोनालीचा राग कुठे जातो

ज्योत्स्ना खांबेटे यांना स्वतःची स्तुती आवडत नसे. तसं त्या स्वतःच सांगत, आणि ऐकणारा नुसता 'बरं' म्हणून गप्प बसला तर त्यांचा चेहरा पडे. सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून त्या समुपदेशन करत. पूर्वी त्यांचं बाजारपेठेत रीतसर क्लिनिक होतं. पण आपल्याकडच्या माणसाला मनाच्या दुखण्यापेक्षा मोठी भीती असते ती जिना चढताना ओळखीचं कुणी भेटेल याची. दात काढायला आलोय म्हणून सांगायची सोय राहावी, म्हणून खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे आधी डोकावून मग वर येणारे लोक त्यांनी पाहिले होते. 'अंतर्स्नेह' नावाचं ॲप आलं आणि ही कटकट संपली. लोक घरी दार लावून मोबाइलसमोर बसू लागले, आणि ज्योत्स्नाबाईंचा दिवस भरून गेला.

शिवाय अंतर्स्नेहवर मेळांक होता.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. दोन माणसं मनापासून बोलू लागली की त्यांचे श्वास, माना हलवण्याची लय, दोन वाक्यांमधली शांतता हळूहळू एकमेकांशी जुळत जाते. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गालाचा रंग कणभर बदलतो, तोही कॅमेरा टिपतो. हे सगळं मोजून संगणक शंभरपैकी एक आकडा काढतो: या दोघांचा एकमेकांवर किती विश्वास बसलाय. पद्धत कुठलीही वापरा, समुपदेशक आणि समोरचा माणूस यांचं नातं घट्ट असेल तर गुण लवकर येतो, हे जुनंच संशोधन. अंतर्स्नेहनं त्या नात्याला काटा लावून दिला, एवढंच.

आणि ज्योत्स्नाबाईंचा मेळांक होता त्र्याण्णव. दक्षिण महाराष्ट्रात पहिला.

त्या रविवारी सकाळी त्या भाषणाची तयारी करत होत्या. कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात चारशे नव्या समुपदेशकांसमोर बोलायचं होतं, घरूनच, दुपारी चार वाजता. विषय: 'पडद्यापलीकडचं नातं कसं जोडावं'. पहिलंच वाक्य त्यांनी तीनदा खोडलं होतं, कारण ते पुरेसं नम्र वाटत नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, कुणीतरी बोट दाबून धरलं होतं.

दारात एक उंच, सावळी बाई उभी होती. हातात बेकरीची कापडी पिशवी, कपाळावर घाम.

"ओळखलं का?" बाईनं विचारलं.

ज्योत्स्नाबाईंना चेहरा ओळखीचा वाटला, पण नाव जुळेना. त्यांच्या ओळखीतली ही बाई इतकी तापलेली कधी नव्हती.

"मोनाली? मोनाली इंगवले? कराडच्या?"

"व्हय. तीच. सहा महिने दर मंगळवारी तुमच्यापुढं बसणारी." ती आत आली, चपला काढायचं भान तिला होतं, आणि त्या तिनं भिंतीशी नीट जोडूनही ठेवल्या. मग वळून ओरडली, "काय मॅडम, मी काय येडी वाटले का तुम्हाला?"

"मोनाली, बसा आधी. पत्ता कुठून मिळाला?"

"आमचा टोस्टचा माल टाकणारा विश्रामबागेतच फिरतो. खांबेटे किती असणार सांगलीत! पत्त्याचं सोडा. मी बोंबलत होते, आणि तुम्ही हसत होतात. ते सांगा."

मोनालीची हकीकत ज्योत्स्नाबाईंना पाठ होती. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून कराडची बेकरी मोनालीनं चालवली. पहाटे भट्टी, दिवसा गल्ला, संध्याकाळी वडिलांची मालिश. थोरला भाऊ संग्राम पुण्याला. वडील गेले, वर्षश्राद्ध झालं, आणि दादा हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. बहिणीनं वडिलांच्या मिळकतीतला वाटा भावाच्या नावे सोडायचा, भावानं साडी नेसवायची, आणि माहेरचं दार उघडं राहायचं. घरोघर चालतं. सही उद्या सोमवारी होती.

आणि गेल्या मंगळवारी ज्योत्स्नाबाईंच्या पडद्यावर मोनाली शांतपणे म्हणाली होती, "करते ना सही. भावापेक्षा बेकरी मोठी आहे होय?" चेहऱ्यावर समाधान. मेळांक शहाण्णव. ज्योत्स्नाबाईंनी डोळे ओले करून म्हटलं होतं, "तुम्ही स्वतःशी समेट केलात. मला फार आनंद झाला."

"समेट!" मोनालीनं पिशवी सोफ्यावर आपटली. "मी किंचाळून बोलले होते ते! शेजारची आत्या धावत आली, कुणी मेलं का म्हणून. मी दादावर जळफळत होते, तुमच्यावर पण. आणि तुम्ही काय? डोळे पुसताय आणि 'आनंद झाला'! मला वाटलं, हिला माझी कीवसुद्धा येत नाही. दादासारखीच ही पण. मग कशाला भांडायचं? सगळ्या जगाला वाटतंय सही करावी, तर टाकू करून. साडीसुद्धा आणून ठेवलीय वहिनीनं, मोरपंखी. भट्टीपुढं चौदा वर्षं भाजून निघाले, त्याची मोरपंखी साडी."

ज्योत्स्नाबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या.

"मोनाली, तुम्ही ओरडला नाहीत."

"ओरडले!"

"मी समोर होते."

"समोर तर मी पण होते! आणि त्याच्या आधी, गणपतीच्या आठवड्यात, तुम्ही मला काय म्हणालात? 'तुम्ही स्वतःला फसवताय.' गोड हसून. माझी थट्टा केलीत."

ते वाक्य ज्योत्स्नाबाईंना आठवत होतं. त्या दिवशी त्या हसल्या नव्हत्या. चिडल्या होत्या. टेबलावर हात आपटला होता, इतका की चहाचा कप उडाला आणि नंतर त्यांनी स्वतःलाच समज दिली होती, की ज्योत्स्ना, हे काही व्यावसायिक वागणं नव्हे. आणि मोनालीनं तो राग किती समजूतदारपणे घेतला याचं त्यांना कौतुक वाटलं होतं.

"मी हसले नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "हात आपटला होता. कप सांडला."

एकीला वाटत होतं दुसरी खोटं बोलतेय, आणि दोघींनाही तसं धड वाटत नव्हतं.

"मोबाइल आणलाय?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

मोनालीला त्यांनी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं केलं, स्वतः मागच्या खोलीत जाऊन बसल्या, आणि ठरलेली नसताना एक भेट सुरू केली. मधली दोन्ही दारं सताड उघडी. पडद्यावर मोनाली आली. मागं ज्योत्स्नाबाईंचेच मसाल्याचे डबे.

"ओरडा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"काय ओरडू?"

"दादाला जे म्हणायचंय ते."

स्वयंपाकघरातून जो आवाज आला त्यानं खिडकीवरचं कबुतर उडालं. "आयुष्य गेलं माझं त्या भट्टीत आणि तू आता आलास व्हय रे कागद घेऊन! बापाला अंघोळ घालायला का नाही आलास?"

तो आवाज ज्योत्स्नाबाईंच्या डाव्या कानानं, दारातून ऐकला. आणि समोर पडद्यावर, अर्धा क्षण मागाहून, एक समजूतदार बाई किंचित हसून, जरा खंत असल्यासारखी म्हणत होती, "आयुष्य गेलं माझं त्या भट्टीत..." शब्दन् शब्द तोच. कपाळावर आठी नाही, नाकपुडी फुगलेली नाही. शेवटचा प्रश्न तर इतक्या हळुवारपणे आला, की भावाला बापाच्या अंघोळीला येता आलं नाही याबद्दल बहिणीलाच वाईट वाटतंय असं वाटावं.

कोपऱ्यात मेळांक पंचाण्णव.

ज्योत्स्नाबाईंनी टेबलावर हात आपटला. जोरात. मुद्दाम नाही.

"मॅडम!" स्वयंपाकघरातून खरी मोनाली ओरडली. "आवाज मोठा आला, पण इथं तुम्ही नुसती मान डोलावताय! आई शप्पथ, कसल्या गोड दिसताय!"

कंपनीला फोन नव्हता. मदत फक्त ॲपवरच मिळे. पाच मिनिटांनी 'सल्लागार-स्नेही' ऋत्विक देवधर पडद्यावर उगवला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, मागं कुंडीतलं खरं की खोटं ते न कळणारं झाड.

"ज्योत्स्ना मॅडम! आज स्टार स्पीकर! कशा आहात?"

"तुम्ही माझ्या क्लायंटचा चेहरा बदलता?"

"नाही मॅडम. आम्ही फक्त दुवा सुधारतो." हे उत्तर पाठ केलेलं होतं हे लपवायची त्याला गरज वाटली नाही. मग त्यानं समजावून सांगितलं, आणि सांगताना तो खरोखर रंगात आला.

पूर्वी पडद्यावर चित्र जायचं. गावाकडच्या नेटवर ते अडकायचं, माणूस तोंड उघडं टाकून थिजायचा, आणि बोलणाऱ्याचा धीर सुटायचा. म्हणून कंपनीनं चित्र पाठवणंच थांबवलं. कॅमेरा चेहऱ्याचं वर्णन करतो: भुवया इतक्या वर, ओठ इतके ताणलेले, आवाजात ताण इतका, शब्द हे. एवढेच आकडे तारेवरून जातात, आणि पलीकडे संगणक त्यावरून त्याच माणसाचा चेहरा नव्यानं घडवतो. म्हणून नेट मधेच तुटलं तरी चेहरा थिजत नाही. संगणक अंदाजानं तो पुढं चालवत राहतो, मान डोलत राहते, जोडणी परत येईपर्यंत.

"म्हणजे राग हा पण एक आकडा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"एक्झॅक्टली! आणि दुव्याला आम्ही एकच शिकवलं, की मेळांक वाढव. बाकी तो स्वतः शिकला. त्याच्या लक्षात आलं की राग दोन्ही बाजूंनी थोडा खाली आणला की विश्वास वर जातो. कुणी सांगितलं नाही मॅडम त्याला. फॅसिनेटिंग आहे ना? आणि शब्द आम्ही एकही बदलत नाही. ते करारात आहे. तुम्ही मान्य केलंय, 'अनुभव-सुधारणा', सातवं कलम."

"माझी क्लायंट सही करते म्हणाली आणि मी आनंद झाला म्हटलं! ती बाई जळत होती आणि मला तुम्ही दिवाळीची पणती दाखवलीत! दोन वर्षं मी कुणाशी बोलतेय? माझी सव्वीस माणसं आहेत. त्यांतली किती रडतायत, किती माझ्यावर जळफळतायत, मला काय ठाऊक? मी त्यांचं नातं जोडलं, का तुमच्या यंत्रानं? आधी राग येऊ दे, मग तो मिटवायचा, त्यातच नातं पक्कं होतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात! भांडण झालंच नाही तर मिटवू काय, तुमचं डोंबल?"

त्या उभ्या राहिल्या होत्या. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. दारात मोनाली तोंडावर हात ठेवून बघत होती.

ऋत्विक प्रसन्न हसला. "मॅडम, खरंच थँक यू. इतक्या शांतपणे कुणी फीडबॅक देत नाही आम्हाला."

ज्योत्स्नाबाईंनी त्याला बंद केला. ती गोष्ट तेवढी अजून त्यांच्या हातात होती.

मोनालीनं पिशवीतून खारी काढून बशीत ठेवली. भांडायला जातानाही बाईनं माल आणला होता. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नाही, ही वडिलांची शिकवण.

"मला तो आकडा आवडायचा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. कुणीही विचारलेलं नव्हतं. "त्र्याण्णव. सकाळी उठले की आधी तो बघायचे. इतकं सगळं गोड चाललंय, काहीतरी चुकतंय, हे तीस वर्षं हा धंदा केलेल्या बाईला कळायला नको? कळत होतं. पण आकडा बघितला की गप्प बसायचे."

मोनालीनं खारीचा तुकडा मोडला. "मॅडम, एक सांगा. गणपतीत तुम्ही खरंच चिडला होता?"

"फार."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर. तुमच्या दादावर. 'मला काही नको, माहेर राहू दे' असं तुम्ही सारखं म्हणायचात ना, त्यावर. मला वाटलं, ही बाई स्वतःच्या हातानं स्वतःला त्या घरातून बाहेर काढतेय आणि वर आभार मानतेय."

मोनालीचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. "तेव्हाच दिसलं असतं तर," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांत एक माणूस माझ्या बाजूनं चिडलंय, एवढं जरी दिसलं असतं."

"आता दिसतंय का?"

"आता दिसतंय. लई भारी चिडता तुम्ही. नाक लाल होतं."

"मग सही करू की नको, ते विचारायला आलात का?"

"नाही. ते मला कळतंय. मी तुमच्याशी भांडायला आले होते." ती उठली. "चारला तुमचं भाषण आहे ना? त्या पोरानं स्टार का काय म्हटलं."

"भाषण करू नये असं वाटतंय."

"करा की. लिंक पाठवा, मी इथनं बघते." आणि ती मोबाइल घेऊन पुन्हा ओट्यापाशी गेली.

चार वाजता निवेदिकेनं ज्योत्स्नाबाईंचा मेळांक सांगितला तेव्हा पडदाभर बदामी हृदयं उडाली. ज्योत्स्नाबाईंनी लिहिलेला कागद बाजूला ठेवला.

"माझ्या सहकाऱ्यांनो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला या घटकेला एक हसरी बाई दिसत असणार. ती मी नाही. मी चिडलेय. गेली दोन वर्षं हे यंत्र तुमच्या क्लायंटचा राग गाळून टाकतंय, आणि तुमचाही. आज सकाळी मी माझ्या घरात, दोन दारांच्या अंतरावर, ते स्वतः पडताळलं."

आणखी हृदयं. कुणीतरी लिहिलं, *किती सुंदर विनोदबुद्धी!* कुणी लिहिलं, *मॅडमचा टोन किती शिकण्यासारखा.*

"मॅडम!" स्वयंपाकघरातून हाक आली. "बोंबललात तरी लाडूच वाटताय तुम्ही!"

ज्योत्स्नाबाई आणखी मोठ्यानं बोलल्या, आणि त्यांना कळलं की मोठ्यानं बोलण्यात काहीच अर्थ नाही. जितका राग आत जाईल तितकी बाहेर साखर येणार. त्या थांबल्या. पाणी प्यायल्या. मग, त्या दिवशी पहिल्यांदाच, अगदी थंडपणे बोलल्या.

"शब्द ते बदलत नाहीत. तेव्हा शब्द ऐका. कॅमेऱ्याची वायर माझ्या हातात आहे. मी ती आता काढतेय. मी उठून स्वयंपाकघरात चहा ठेवायला जातेय. खुर्ची रिकामी आहे. तुम्हाला खुर्चीत काय दिसतंय, ते नीट बघा."

त्यांनी वायर उपटली आणि त्या उठल्या.

स्वयंपाकघरात मोनाली मोबाइल दोन्ही हातांत धरून उभी होती. ज्योत्स्नाबाई शेजारी येऊन थांबल्या, हातात वायर लोंबत होती. मोबाइलमध्ये ज्योत्स्नाबाई खुर्चीत बसून हसत होत्या. मान डोलावत होत्या. पापणी मिटली, उघडली. कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा चेहरा मायेनं किंचित कलला.

हृदयं विरळ झाली. मग एकही उडेना.

*मॅडम उठल्या ना?* कुणीतरी लिहिलं.

*मग ही कोण?*

*कॅमेरा खरंच बंद केलाय का?*

आणि मग, जरा वेळानं, एकच ओळ: *माझी एक क्लायंट काल पूर्ण वेळ हसत होती. तिचा मुलगा गेलाय.*

त्यानंतर ओळी इतक्या भराभर येऊ लागल्या की वाचता येईनात. खुर्चीतली बाई त्या सगळ्यांना मान डोलावत होती.

"बंद करू?" मोनालीनं विचारलं.

"करा."

मोनालीनं अंगठ्यानं तो चेहरा वर सरकवून घालवला. मग साधा फोन लावला. पलीकडे घंटी वाजत असताना तिनं पदर खोचला, जशी पहाटे भट्टीपुढं उभी राहताना खोचत असेल.

"दादा, मोनाली. उद्या मी सही करायला येणार नाही. ... नाही. वहिनीला म्हणावं, साडी तूच नेस, मोरपंखी तुला शोभते."

पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. ज्योत्स्नाबाईंना शब्द कळले नाहीत, समजुतीचा सूर तेवढा कळला. सकाळपासून तो सूर त्यांच्या चांगला ओळखीचा झाला होता.

मोनालीचं नाक लाल झालं.

"शांत हो म्हणू नकोस मला," ती ओरडली, आणि खिडकीवर नुकतंच येऊन बसलेलं कबुतर पुन्हा उडालं. "मी शांत नाहीये. ऐक आता."